पिवळ्या रेषेचं प्रकरण: हेलियम आधी सूर्यावर का सापडला?

विजयदुर्ग किल्ल्यात गेलात की 'साहेबाचे ओटे' दाखवतात. सांगणारा सांगतो, १८ ऑगस्ट १८६८ ला इथेच लॉकियरसाहेबानं दुर्बीण लावली, खग्रास ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छाती फुगली. देवगड तालुक्यात अख्खं मूलद्रव्य सापडलं म्हणजे काय चेष्टा आहे! पण पेशानं भौतिकशास्त्राचा मास्तर असल्यामुळे तारखा जुळवून बघायची खोड जात नाही. आणि तारखा जुळेनात. ज्या दिवशी विजयदुर्गावर सूर्य झाकला गेला, त्या दिवशी हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर भारतातच नव्हता. तो लंडनमध्ये होता, युद्धखात्यात कारकुनी करत, वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फोडून दाखवणारं यंत्र, बनवून कधी मिळतोय याची वाट बघत. भारतात तो आला तीन वर्षांनी, १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला, आणि उभा राहिला तो उत्तर केरळातल्या बेकलच्या किल्ल्यात. तोही समुद्रकाठचाच किल्ला. दोन किल्ल्यांची सरमिसळ झाली असावी, असा माझा आपला अंदाज.

असो. ओट्यांवरून भांडण करायचं नाही, ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला हे खरंच आहे. मला वेगळीच गोष्ट छळते. हेलियम हा राजवायू. कशाशी संयोग नाही, रंग नाही, वास नाही. असा वायू पृथ्वीवर हाती लागायच्या २७ वर्षं आधी १५ कोटी किलोमीटर लांब कसा काय ओळखू आला? उत्तर एका शब्दात देता येतं: प्लाझ्मा. म्हणजे ज्यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटून मोकळे झालेत, अणू 'आयनीभूत' झालेत, असा वायू. मराठी विश्वकोशानं त्याला 'आयनद्रायू' असा भारदस्त शब्द दिलाय, पण वर्गात मुलं प्लाझ्माच म्हणतात, मीही तेच म्हणतो. मात्र हे उत्तर जागेवर बसायला बराच काळ लागला आणि मध्ये बऱ्याच शहाण्या माणसांनी चुका केल्या. म्हणून हे प्रकरण सविस्तर.

ग्रहणाच्या सकाळी

ग्रहणाचा पट्टा एडनच्या बाजूनं आला, कोकण किनारा ओलांडून जमखिंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा गेला आणि पुढे बंगालच्या उपसागरावरून सयामकडे. ऑगस्टमधलं ग्रहण म्हणजे पश्चिमेकडे ढगांशी गाठ. जमखिंडी हे पटवर्धनांचं संस्थान. तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला अधिकारी. ढगांनी त्याला रडवलं, पण मधल्या एका फटीत त्याला वर्णपटदर्शकातून तीन झळझळीत रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. मागे अखंड रंगपट्टा नाही, नुसत्या रेषा.

गुंटूरला दोघे होते. ब्रिटिशांचा मेजर टेनंट, आणि एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी उतरलेला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सन. मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन. मलाया द्वीपकल्पाच्या बाजूला फ्रान्सचाच जॉर्ज राये. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर. चंद्रानं झाकलेल्या सूर्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाला दिसतात, ज्यांना प्रॉमिनन्स म्हणतात, त्या नक्की काय आहेत? वर्णपटात अखंड रंगपट्टा आला असता तर घन किंवा द्रव पदार्थाचे तापलेले कण. सुट्या रेषा आल्या म्हणजे विरळ, तप्त वायू. तो प्रश्न त्या सकाळीच निकालात निघाला: ज्वाला वायूच्या आहेत आणि त्यात हायड्रोजन आहे.

राहिली पिवळी-नारिंगी रेषा. टेनंटनं ती 'डी' म्हणून नोंदली, म्हणजे सोडियमची. हर्शेलनं तेच मानलं. रायेनंही तेच. पॉगसननं जरा सावध लिहिलं, की रेषा डीवर किंवा डीच्या जवळ आहे.

या लोकांना हसू नका. आमच्या प्रयोगशाळेत अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा असतो. त्याच्या पिवळ्या उजेडात दोन रेषा असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. साध्या लोलकातून बघणाऱ्या मुलाला दर वर्षी त्या एकच दिसतात, मग मी प्रकाश आत घेणारी फट अरुंद करायला लावतो आणि तो ओरडतो, "सर, दोन आहेत!" हेलियमची रेषा आहे ५८७.६ ला, सोडियमच्या जवळच्या रेषेपासून जेमतेम दीड नॅनोमीटरवर. पाच मिनिटांची खग्रास स्थिती, ढग, थरथरणारा हात आणि सोबत मोजायला सोडियमची ज्योत नाही. मीही सोडियमच लिहिलं असतं.

जान्सनची दुसरी सकाळ

गुंटूरमध्ये त्या रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या की जान्सनच्या मनात आलं, या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यानं उघड्या सूर्याच्या कडेवर फट नेमकी टेकवली आणि रेषा दिसल्या. पुढचे दोन आठवडे तो रोज ग्रहण नसलेलं ग्रहण बघत राहिला.

हे कसं जमतं, ते वर्गात सांगायला मला तिळाची उपमा फार कामी येते. कणकेच्या गोळ्यात तीळ घालून पोळी लाटा. जितकी लाटाल तितकी कणीक पातळ होत जाते, पण तीळ तेवढेच राहतात, फक्त एकमेकांपासून लांब जातात. आकाशात विखुरलेला सूर्यप्रकाश म्हणजे कणीक: सगळे रंग सलग. वर्णपट जास्त पसरवला की हा उजेड पातळ, मंद होतो. ज्वालेचा प्रकाश मात्र ठराविक तीनचार रंगांतच कोंबलेला, तो तिळासारखा. पुरेसं लाटलं की कणकेतून तीळ दिसायला लागतात.

लॉकियरला ही युक्ती १८६६ पासूनच सुचली होती, पण पुरेसा 'लाटणारा' वर्णपटदर्शक नव्हता. तो १६ ऑक्टोबर १८६८ ला हाती आला आणि २० तारखेला त्यानं लंडनमधून, आपल्या घरच्या सव्वासहा इंची दुर्बिणीतून ज्वालेच्या रेषा पाहिल्या. जान्सनचं पत्र आणि लॉकियरची बातमी फ्रेंच अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला पोहोचली. फ्रेंच सरकारनं पुढे १८७२ मध्ये दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरून टाकले. भांडण मिटवायची ही रीत आपल्याकडे का रुजली नाही कोण जाणे.

लॉकियरला निवांत वेळ होता. पाच मिनिटांची घाई नाही, ढग आला तर उद्या बघू. त्यामुळे जे ग्रहणात कुणाला जमलं नाही ते त्याला जमलं: पिवळी रेषा डीवर बसत नाही, निळ्याच्या बाजूला थोडी सरकलेली आहे, असं त्यानं मोजून दाखवलं. तिला डी-३ हे नाव पडलं. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाला घेऊन त्यानं प्रयोगशाळेत हायड्रोजनकडून ती रेषा काढायचा प्रयत्न केला. दाब बदलला, तापमान बदललं. हायड्रोजन काही ऐकेना. १८७१ मध्ये एडिंबरोच्या सभेत विल्यम थॉमसननं, म्हणजे नंतरच्या लॉर्ड केल्विननं, जाहीरपणे सांगितलं की फ्रँकलंड आणि लॉकियर या नव्या पदार्थाला हेलियम म्हणतात. हेलिओस म्हणजे सूर्य. शेवटी 'इयम' लागला, सोडियम, पोटॅशियमसारखा, धातूला शोभेल असा. नंतर सापडलेले निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन सगळे 'ऑन'वाले; हा एकटाच 'इयम'वाला राहिला.

सोडियम मिठात पेटतो, हेलियम का नाही?

प्रकरणाचा गाभा इथे आहे. गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाका, ज्योत पिवळीधमक होते. सोडियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर चढवायला जेमतेम २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) लागतात. स्वयंपाकघरातली ज्योत तेवढं सहज देते. हेलियमची पहिलीच पायरी १९.८ वर. डी-३ रेषा सुटण्यासाठी इलेक्ट्रॉन २३ च्या वर जावा लागतो. आणि अणूतून तो पूर्ण उपटायचा तर २४.६, सगळ्या मूलद्रव्यांत हा आकडा सर्वांत मोठा.

राजवायूचं 'राजेपण' म्हणतात ते नेमकं हेच. कवच भरलेलं, इलेक्ट्रॉन घट्ट धरलेले, कुणाला द्यायचे नाहीत, कुणाचे घ्यायचे नाहीत. म्हणून रसायनशास्त्रज्ञाला हा वायू सापडत नाही: त्याच्या हातातली सगळी हत्यारं, आम्लं, अल्कली, ज्वलन, अवक्षेप, ही देवघेवीवर चालतात. आणि ज्या घट्टपणामुळे हेलियम रसायनाला दाद देत नाही, त्याच घट्टपणामुळे तो ज्योतीतही उजळत नाही. त्याला बोलतं करायचं तर इलेक्ट्रॉनच्या वेगवान माऱ्यात नाहीतर कडक अतिनील किरणांत, म्हणजे प्लाझ्मातच, घालावं लागतं. दुसरी वाट नाही.

मग सूर्याच्या पृष्ठभागावर? तिथे तापमान साधारण ५,८०० केल्विन. ऐकायला प्रचंड, पण कणांची सरासरी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्याही खालीच. म्हणून सूर्याच्या वस्तुमानात जवळपास पाव वाटा हेलियमचा असूनही, नेहमीच्या सूर्यप्रकाशाच्या दृश्य वर्णपटातल्या शेकडो काळ्या रेषांत तो दिसत नाही. आणि गंमत म्हणजे ज्वालाही फार तापलेल्या नसतात, सात ते दहा हजार केल्विनच्या आसपास. चुंबकीय क्षेत्रानं अधांतरी तोलून धरलेला तो विरळ, अर्धवट आयनीभूत प्लाझ्मा. निव्वळ उष्णतेनं तिथे डी-३ उजळायला नको.

ती उजळते बाहेरच्या कारणानं. ज्वालेभोवती सूर्याचा किरीट, म्हणजे त्याचं सर्वांत बाहेरचं विरळ वातावरण, असतो, दहा लाख केल्विन आणि त्याहून तप्त. त्यातून येणारे तीव्र अतिनील किरण ज्वालेतल्या हेलियम अणूंचे इलेक्ट्रॉन उपटतात. उपटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा कुठल्यातरी हेलियम आयनाला, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूला, सापडतो, वरच्या मजल्यावर अडकतो आणि पायऱ्या उतरत खाली येताना एका ठराविक पायरीवर पिवळा फोटॉन टाकून जातो. जमखिंडीला हर्शेलनं पाहिलेली नारिंगी रेषा म्हणजे मोडलेले हेलियम अणू पुन्हा जुळतानाचा प्रकाश.

हे १८६८ मध्ये कुणाला सांगता आलं नसतं. इलेक्ट्रॉनच माहीत नव्हता. प्लाझ्मा हा शब्द या अर्थानं अर्विंग लँगम्यूरनं वापरला तो १९२८ मध्ये. आणि तापमान व दाबावरून किती अणू आयनीभूत होतील याचं समीकरण मेघनाद साहांनी मांडलं १९२० मध्ये. त्या निबंधाचा विषयच सूर्याच्या वर्णावरणातलं, म्हणजे पृष्ठभागाच्या लगेच वरच्या थरातलं, आयनीभवन हा होता. साहांच्या समीकरणात एक गोष्ट नवख्याला चकवते. दाब कमी झाला की आयनीभवन वाढतं, कारण निसटलेल्या इलेक्ट्रॉनला परतीचा सोबती लवकर भेटत नाही. सूर्याच्या कडेचा विरळ वायू पृष्ठभागापेक्षा वेगळ्या रेषा का दाखवतो, याचा मोठा भाग त्यातून उलगडला. आणि त्याच समीकरणाचा हात धरून सेसिलिया पेननं १९२५ मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचेच आहेत.

संशय घेणारे मूर्ख नव्हते

नुसत्या एका रेषेवरून मूलद्रव्य मानायला अनेकजण तयार नव्हते. त्यांचं म्हणणं चुकीचं ठरलं, पण वेडगळ नव्हतं. पुढच्याच वर्षी, १८६९ च्या ग्रहणात, किरीटात एक हिरवी रेषा सापडली, ५३०.३ नॅनोमीटरची. तिच्यावरून 'कोरोनियम' नावाचं मूलद्रव्य मानलं गेलं आणि ते सत्तर वर्षं पुस्तकांत नांदलं. १९४० च्या सुमारास कळलं की ते आपलं लोखंड आहे, १३ इलेक्ट्रॉन गमावलेलं. म्हणजे तोच सूर्य, तीच पद्धत, तसाच प्लाझ्मा. एकदा खरं मूलद्रव्य दिलं, एकदा भूत. माझ्या मते या प्रकरणातून विद्यार्थ्यानं काही उचलायचं असेल तर हेलियमपेक्षा कोरोनियमची फजिती उचलावी. अणूचे इलेक्ट्रॉन काढून घेतले की त्याचा वर्णपट सर्वस्वी बदलतो, आणि प्लाझ्मात हे सर्रास घडतं.

म्हणून हेलियमला नळीत पकडणं भागच होतं. विल्यम रॅम्झीनं लॉर्ड रॅलेबरोबर १८९४ मध्ये हवेतून अरगॉन वेगळा काढला होता. १८९५ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये तो क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर गंधकाम्ल ओतत होता, अरगॉन मिळेल या आशेनं. याच जातीच्या खनिजातून अमेरिकेत हिलेब्रँडनं काही वर्षं आधी असाच वायू काढून नायट्रोजन म्हणून सोडून दिला होता. रॅम्झीनं वायू शुद्ध केला, नळीत भरला, विद्युतदाब लावला. पिवळी रेषा आली आणि सोडियमच्या रेषेवर बसेना. नमुना विल्यम क्रूक्सकडे गेला, त्यानं मोजून सांगितलं: डी-३. जवळपास त्याच वेळी स्वीडनमध्ये उप्सालाला क्लीव्ह आणि लांगले यांनाही तोच वायू मिळाला.

तरी एक अडचण निघाली. जर्मनीत रुंग आणि पाशेन यांनी बारकाईनं पाहिलं तर नळीतली रेषा एक नव्हती, एका तेजस्वी रेषेला चिकटून दुसरी फिकी होती. सूर्यावरची तर एकटी मानलेली. झालं, पुन्हा शंका. मग सूर्याकडे पुन्हा दुर्बिणी वळल्या, आणि सूर्यावरचीही जोडरेषाच निघाली. इतकी वर्षं ती कुणाला वेगळी दिसली नव्हती इतकंच. हा रॅम्झी पुढे १९०० मध्ये जमशेटजी टाटांच्या निमंत्रणावरून भारतात आला आणि विज्ञान संस्थेसाठी बंगळूरची जागा त्यानंच सुचवली, हे जाता जाता.

नळीतला प्लाझ्मा सूर्याइतका तापवावा लागत नाही. काही मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाचा विरळ वायू, दोन टोकांना इलेक्ट्रोड, हजारो व्होल्ट. मोकळे इलेक्ट्रॉन धावताना वीसपंचवीस इलेक्ट्रॉनव्होल्ट कमावतात आणि अणूवर आदळतात. वायू मात्र तापलेला नसतो. आमच्याकडच्या सोडियमच्या दिव्यात हे रोज दिसतं. बटण दाबलं की दिवा आधी पिवळा होतच नाही, लालसर गुलाबी पेटतो. तो लाल उजेड निऑनचा. थंड दिव्यात सोडियम घट्ट गोठलेला, वाफ नाही, म्हणून उजळायला निऑनशिवाय कुणी नसतं. निऑनचा प्लाझ्मा काचेला ऊब देतो, सोडियम हळूहळू उडू लागतो, आणि पाचसात मिनिटांत पिवळा रंग लालावर मात करतो, कारण २ इलेक्ट्रॉनव्होल्टवाला गडी समोर असताना १६ वाल्याला कोण विचारतो. आणि निऑनच का? तापलेला सोडियम दिसेल त्याच्याशी संयोग करतो. राजवायू तेवढा त्याच्या वाट्याला जात नाही. मुलं दिवा तापेपर्यंत गप्पा मारतात. मी म्हणतो, बघत बसा, परीक्षेत येणार नाही पण बघा.

शेवटचा धागा

हेलियम युरेनियमच्या खनिजात का, हा प्रश्न रॅम्झीच्या नळीतून सुटला नव्हता. तो धागा मँचेस्टरमध्ये जुळला. १९०८ मध्ये अर्नेस्ट रदरफर्ड आणि थॉमस रॉइड्स यांनी शंभरांश मिलिमीटरपेक्षाही पातळ भिंतीची काचनळी फुंकवून घेतली. तिच्यात रेडियममधून निघणारा किरणोत्सारी वायू, म्हणजे आजचा रेडॉन, कोंडला. हाही राजवायूच. त्याचे अल्फा कण (किरणोत्सारात सुटणारे वेगवान कण) पातळ काचेतून आरपार जाऊन बाहेरच्या निर्वात नळीत साठत. रेडॉन स्वतः आतच राही. मग बाहेरच्या नळीत जमेल तो वायू पाऱ्यानं वरच्या अरुंद भागात ढकलायचा आणि ठिणगी पाडायची. पहिल्या २४ तासांनंतर पिवळी रेषा नव्हती. दोन दिवसांनी फिकी दिसली. चार दिवसांनी पिवळी आणि हिरवी दोन्ही ठसठशीत. सहा दिवसांनी हेलियमच्या जवळपास सगळ्या ठळक रेषा.

काचेतून साधा हेलियमच झिरपत नाही ना, हे बघायला त्यांनी रेडॉन काढून त्याच आतल्या नळीत हेलियम भरला आणि वाट पाहिली. बाहेरच्या नळीत ठिणगी पडत राहिली, पिवळी रेषा आली नाही. म्हणजे आधी दिसलेला हेलियम अल्फा कणांचाच होता; युरेनियमही अल्फा कण सोडतो, म्हणून त्याच्या खनिजात हेलियम.